सड्यावरचा बेडूक

आम्ही लखनौला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहतो. नवरा रेल्वेत इंजिनिअर, मुलगी नववीत. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. गेल्या हिवाळ्यात शाळेने प्रत्येकाला नामशेष होत चाललेला एक प्राणी निवडायला सांगितला, तेव्हा ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. "मम्मी, ये तो मामा के गाँव का है."

अंगठ्याएवढा बेडूक, कुशीवर वाघासारखे पट्टे. आंबोलीच्या आसपासचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची उघडी कातळपठारं, सोडली तर जगात जवळजवळ कुठेच नाही. जांभ्या दगडाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं, त्यात तो अंडी घालतो. रस्त्यावर गाड्यांखाली चिरडला जातो, आणि सडा सपाट केला की ते खळगेच जातात. मी त्याच सड्यावर खेळून मोठी झाले, पण हे सगळं मला मुलीकडून कळलं.

तिला मामाकडून सड्याचे फोटो हवे होते, म्हणून मी धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने कौतुकाने फोन फिरवून दाखवला. घरामागच्या सड्यावर जेसीबी चालला होता. त्याच्या होमस्टेला पार्किंग करतोय म्हणाला. मी बेडकाचं सांगितलं तर हसला.

"अगो ताई, बेडूक तो. खंय तरी रवतलो."

कुठेतरी राहील म्हणे. मुलगी शेजारीच उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

शाळेत पालकांनाही बोलावलं होतं. तिने छान सांगितलं. शेवटी बाईंनी विचारलं, तिकडे तुमचं कोणी आहे का? तिने मागे बसलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलं.

"नहीं, मैम."

शेजारी बसलेल्या एका मुलाच्या आईने मला विचारलं, आप तो महाराष्ट्र से हैं ना? मी म्हटलं, हो, पुण्याकडची. हे तोंडून कसं निघालं कळलं नाही. टाळ्या वाजत होत्या आणि मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

घरी येऊन भावाला फोन केला. भांडले नाही. भाची आज भर वर्गात तिकडे आपलं कोणी नाही म्हणाली, आणि मीही गाव नाकारलं, एवढंच सांगितलं. मग तो म्हणाला, "उतारावरचो तुकडो आसा अजून. तो सोडतंय."

त्याने तो तसाच सोडला, भोवती दगडही लावले. पावसाळ्यात त्याने खळग्यांतल्या पाण्याचा फोटो पाठवला. बेडूक आले का, असं मुलीने विचारलं. अजून दिसले नाहीत, मी म्हटलं. "अच्छा," म्हणून ती अभ्यासाला गेली. सुट्टीत मामाकडे जायचा विषय तिने यंदा काढला नाही. मलाही तो काढायचा धीर झाला नाही.