जानेवारीतले ससे

सूर्यमाळच्या एका पाड्यावर २००१ साली वस्तीशाळा निघाली आणि बारावी झालेली सोनी तिची बाई झाली. शाळा म्हणजे जिवा नावाच्या गावकऱ्याच्या घराची पडवी. पण अनोळखी माणूस दिसला की करवंदीच्या जाळीत पळणारी पोरं त्या पडवीत ओळीने बसून कविता म्हणायला लागली. विहिरीवर बायका सोनीला आधी हंडा भरू द्यायच्या. तो मान तिला भारी गोड लागायचा.

दोन वर्षांनी गणपती झाल्यावर एका संस्थेने टीनाला आणून सोडलं. इंग्लंडची, कॉलेजात जायच्या आधी वर्षभर सेवा करायला निघालेली पोर. इंग्रजी शिकवायला आली होती, पण आजवर तिने कुणाला काहीच शिकवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने सोनीच्या हातातला खडू घेतला, खांद्याला धरून तिला पोरांच्या ओळीत बसवलं आणि हसून म्हणाली, "यू ऑल्सो लर्न!"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण अंगणात पोरांचे आईबाप उभे होते.

"काय गं बाय," सुकऱ्या ओरडला, "परत पहिलीत कां? नापास झाली वाटतं!"

सगळे खदाखदा हसले. काही न कळता टीनाही हसली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गोदी म्हणाली, "सरका गं, पहिलीवाली आली." हंडा आधी कुणी भरू दिला नाही.

सोनी भांडली नाही. रोज ओळीत बसली, रोज टीनाचं बोलणं पोरांना समजावून सांगितलं, आणि वाट बघितली.

दसऱ्याच्या सुमाराला टीनाने बेत सांगितला. तिच्या देशातून संस्थेचे पाहुणे येणार. पोरं त्यांच्यासमोर सशांचं इंग्रजी नाटक करणार. "जानेवारी ओके?" तिने सोनीला विचारलं.

भात झोडून झालं की मुकादमाचा ट्रक येतो आणि घरंच्या घरं पोराबाळांसकट भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, हे पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"यस," सोनी म्हणाली. "जानेवारी व्हेरी गुड."

सशांचे पांढरे झगे शिवायला दोघी जव्हारला निजामभाईंकडे गेल्या. मापं घेता घेता निजामभाई थांबले. "सोनीताई, जानेवारीत? तेव्हा पाड्यावर कोण असतं?"

"तुम्ही शिवा ना, चाचा."

"अगं, पण या पोरीला कुणी सांगितलं का?"

"तिला सगळं येतं, चाचा. ती शिकवायला आलीय."

निजामभाईंनी टीनाकडे पाहिलं. तिने अंगठा वर करून दाखवला.

पाड्यावर सुकऱ्यानेही एकदा विचारलं, "आम्ही भट्टीवर जाणार, तुझ्या गोऱ्या बायला सांगितलं कां?"

"सांगितलं," सोनी म्हणाली.

ट्रक आला. त्यात भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि वर पोरं. टीनाला वाटलं, सगळे लग्नाला निघाले. ती हात हलवत वळणापर्यंत धावली. आठवडा गेला तरी वऱ्हाड परत येईना, तेव्हा ती सोनीकडे आली. सोनी नागलीची भाकरी थापत होती.

"दे कम?"

"कम. पावसाच्या तोंडाला." मग तिला नीट कळावं म्हणून सोनी सावकाश म्हणाली, "जून."

टीनाच्या पाहुण्यांची तिकिटं निघाली होती. आधी का नाही सांगितलंस, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. सोनीने भाकरी उलटली. इतकं इंग्रजी तिला कळत होतं.

पाहुणे आले तेव्हा पडवीत म्हाताऱ्यांजवळ मागे राहिलेले तीन ससे होते, आणि बाकी झगे टेबलावर घडी घालून ठेवलेले. पाहुण्यांनी टीनाला बाजूला नेलं. ती रडत परत आली, तेव्हा सोनीने तिला तांब्याभर पाणी दिलं. इतकं चवीने तिने कुणालाच पाणी दिलं नव्हतं. त्याच आठवड्यात टीना खोडाळ्याहून एसटीने गेली.

पावसाआधी ट्रक परतला. विटांच्या धुळीने लाल झालेली पोरं थेट पडवीकडे धावली. चिमीने भट्टीवर रोज म्हणून म्हणून नाटक पाठ ठेवलं होतं.

"टीनाबाय कुठंय?"

"गेली," सोनी म्हणाली. "तुमचा कंटाळा आला तिला."

चिमी बघत राहिली. मग शेवटच्या ओळीत जाऊन बसली. त्या दिवशी सोनीने तिला उत्तर सांगायला तीनदा उभं केलं, पण तिने तोंड उघडलं नाही.

"ठीक आहे," सोनी म्हणाली, आणि खडू घेऊन फळ्याकडे वळली. "पुढचा सांगेल."