साहेबांच्या ड्रायव्हरने मारलेले तीन चेंडू

माझा दादा गोल्फ कोर्सवर कॅडी आहे. साहेबाची काठ्यांनी भरलेली बॅग उन्हात खांद्यावर वाहायची, त्याचा हरवलेला चेंडू काट्यांतून शोधून आणायचा आणि फटका फसला की "वारा होता, साहेब" म्हणायचं, हे कॅडीचं काम. नाशिकच्या बाहेर, आमच्या पाड्याच्या खालच्या अंगाला हा कोर्स. उन्हाळ्यात वर हंडे रांगेत आणि खाली गवतावर फवारे. त्यावर मी पाड्यातल्या आमच्या संघटनेसाठी पत्रक लिहिलं होतं. दादाने ते वाचलं, घडी घालून परत दिलं. म्हणाला, "लय भारी लिहितेस. आता मला बोर्ड पार करून दे."

सरावाच्या मैदानाच्या टोकाला एक पांढरा बोर्ड आहे. क्लबला सहायक कोच हवा होता आणि कॅडींनाही संधी होती. समितीसमोर तीन चेंडू मारायचे, एक तरी सरळ जाऊन बोर्डापलीकडे पडला पाहिजे. दादाला ती जागा हवी होती. पायात बूट, पुढच्या दाराने आत, आणि कोणी "ए" करून हाक मारायची नाही. यापलीकडे त्याने काही मागितलं नाही.

सोमवारी कोर्स बंद असतो, तेवढाच दिवस कॅडींना खेळू देतात. तेही साहेबलोकांनी टाकलेल्या काठ्यांनी. दादाकडे असाच एक ड्रायव्हर होता. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी. मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली, पण दांडी टणक. त्याने तो कुऱ्हाडीसारखा चालवावा: मूठ आवळायची, दात खायचे, सगळा जोर दंडात. चेंडू उजवीकडे भरकटायचा आणि बोर्डाच्या पुष्कळ अलीकडे मरायचा.

मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्याच्या मागे लागले.

"भाताचं रोप धरतोस तसं धर. चिरडलं तर लावणार काय?"

"आन् जोर कुठनं आणू?"

"पोतं ट्रॉलीत फेकताना आधी काय फिरतं?"

त्याने रिकाम्या हातांनी पोतं फेकून बघितलं. "कंबर."

"मग हातांना कशाला पुढे पळवतोस?"

काठी उलटी धरून नुसतीच फिरवायची. सूंऽऽ आवाज चेंडूच्या जागेच्या आधी आला तर जोर वाया गेला, जागा ओलांडल्यावर आला तर जोर चेंडूला मिळणार. पावसाळाभर आमच्या अंगणात तो आवाज चालला होता. दिवाळीनंतरच्या सोमवारी चेंडू बोर्डावरून गेला. दादा ओरडला नाही की हसला नाही. खाली बसला आणि गवत उपटत राहिला.

परीक्षेच्या सकाळी समिती छत्रीखाली चहा पीत बसली होती. दादा ज्यांची बॅग उचलतो ते कारखानदार साहेबही तिथेच. मी दादासोबत आले होते, त्याच्या मागे उभी होते. दादाच्या हातातली काठी बघून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे भंगार घेऊन आलास? माझी इज्जत घालवतोस का? हा घे." आणि आपला नवा ड्रायव्हर पुढे केला. समितीतल्या बाईंनी टाळी वाजवली. साहेबांचं मन मोठं आहे, असं कोणीतरी म्हणालं.

साहेबांचं वय झालेलं, म्हणून त्यांच्या ड्रायव्हरची दांडी मुद्दाम लवचीक घेतलेली. संथ हाताला ती जोर पुरवते, पण वेगाने फिरवली की चाबकासारखी वाकते. दादाला हे ठाऊक होतं, रोज तोच ती पुसतो. त्याने दोन्ही हातांनी ती घेतली आणि आपली माझ्याकडे दिली.

पहिला चेंडू डावीकडच्या झाडीत. अंतर भरपूर, दिशा नाही. दुसरा त्याच्याही पलीकडे, टेकडीच्या दिशेने.

"तिकडे पाडा ना यांचा?" एकजण म्हणाला. "चेंडू घरी पाठवतोय."

"ताकद आहे हो."

"ताकद रेड्यालाही असते."

सगळे हसले. दादाही हसला, कारण कॅडीने हसायचं असतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी आमचा ड्रायव्हर पुढे धरला. साहेब मध्ये येऊन उभे राहिले.

"घाई कशाला करतोस? मला रोज बघतोस ना? तसं मार. हळू."

दादाने तसंच मारलं. साहेबांसारखं, हळू, कंबर न फिरवता. चेंडू दोरीसारखा सरळ गेला आणि बोर्डाच्या अलीकडे पडला.

"याला म्हणतात स्विंग," म्हणत साहेबांनी टाळ्या वाजवल्या. समितीनेही वाजवल्या. पुन्हा कधीतरी बघू, म्हणून पाठ थोपटली आणि दुसरा चहा मागवला.

दादा काठीचं डोकं फडक्याने पुसत होता.

"नको म्हणता येत नव्हतं?" मी विचारलं.

"सगळ्यांसमोर दिली त्यांनी."

"वाकते माहीत होतं तुला."

"माहीत होतं. नको म्हणालो असतो तर उद्या कोणाची बॅग उचलू? तू पत्रक लिहिशील. बॅग नाय देणार कोणी."

साहेबांनी लांबून हाक मारली, "ए, चल, पहिल्या होलला."

"जा मग," मी म्हणाले. "उचल."

त्याने उचलली.