एक पाय काढून टाक

सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. सुट्टी देताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली: यापुढे जमिनीवर बसायचं नाही, पाटावरही नाही. बसायची जागा गुडघ्याच्या उंचीची हवी.

आमच्या घरात याचा अर्थ त्यांना कामावरून काढणं. आमचा भाजीपाला आहे. रोज चारनंतर अंगणात मेथीचे आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, ढीग पडतात आणि सगळे गोल बसून जुड्या बांधतो. सासूबाईंची जुडी न तोलता सारखी असते. हिंगणघाटच्या बाजारातल्या बाया ती हातात घेतल्याबरोबर ओळखतात. आता आमच्या जुड्या एक जाड, एक बारीक अशा जात होत्या आणि सासूबाई दारातल्या खाटेवर बसून नुसत्या पाहत होत्या. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

प्लास्टिकची खुर्ची देऊन पाहिली. तिच्या हातांना कोपर अडतात आणि पाय ओल्या मातीत रुततात. सुताराने सांगितलेला भाव ऐकून मी तशीच परत आले. गोठ्याचं जुनं सागवानी दार चौकटीसकट मागे पडून होतं. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले; करवत, स्क्रू आणि पॉलिश पेपर आणला; ड्रिल मशीन शेजारून मागितली.

नवरा म्हणाला, "तुले खिळा तरी सरळ ठोकता येते का?"

"म्हणूनच स्क्रू आणले."

दोन दिवसांत स्टूल झालं. दाराच्या फळ्यांची बैठक, चौकटीचे चार पाय. घरातल्या फरशीवर ते असं उभं राहिलं की मी नवऱ्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. मग अंगणात नेलं आणि ते डुगडुगायला लागलं. अंगणाला नालीकडे उतार आहे, वर सारवणाचे उंचवटे. मी लांब वाटला तो पाय थोडा कापला. मग दुसरा लांब वाटायला लागला. तो कापला. तिसराही कापला. टेप लावला तेव्हा स्टूल चार बोटं खाली आलं होतं आणि डुगडुगणं जसंच्या तसं.

खाटेवरून आवाज आला. "काऊन वं, पाटच करून राह्यली का त्याचा?"

"हालते ना, आई."

"मंग एक पाय काढून टाक."

मला टोमणाच वाटला. "तीन पायावर तुम्ही बसान का? अजून एक हाड मोडाचं आहे?"

"चूल किती दगडाची मांडते तू?"

"तीन."

"वावरात मांड, नाई तं नालीच्या काठावर मांड. वरचा भाताचा गंज हालते का?"

मी करवत खाली ठेवली. या बाईने आयुष्यात रंधा हातात धरलेला नाही. मी व्हिडिओ पाहिले होते, त्यांनी पन्नास वर्षं चूल पाहिली होती. चौथा पाय असला की एक ना एक अधांतरी राहतो. तीन असले की तिन्ही जमिनीला लागतात.

"अन् पाय फाकवून लावजो," त्या म्हणाल्या. "सरळ लावशीन तं मी उलटीन."

चौकटीचं उरलेलं लाकूड तीन पायांना पुरलं. या वेळी उंची त्यांच्या गुडघ्याला टेप लावून घेतली आणि फळीची जाडी आठवणीने वजा केली. बैठक रुंद ठेवली, पाय बाहेरच्या बाजूला तिरपे बसवले. अंगणात नेऊन आधी मी बसले, मग नवऱ्याला बसवलं आणि त्याला डावीउजवीकडे झुकायला लावलं. तो वजनाने माझ्या दुप्पट आहे. स्टूल हललं नाही.

तिसऱ्या दिवशी चारला सासूबाई वॉकर धरून बाहेर आल्या. बसल्या. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला भार टाकून पाहिला. मी त्यांच्यासमोर भाजीचं रिकामं कॅरेट उपडं ठेवून त्यावर मेथी टाकली. त्यांनी ढिगाला हात न लावता बाजूची बांधून ठेवलेली एक जुडी उचलली, तळहातावर झेलली.

"हे कोणं बांधली?"

"मी."

त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.