दाजींची टॉवेल-टोपी

आमच्या दाजींनी ज्याचा सत्कार केलेला नाही असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो कालच बदली होऊन आलेला असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हसनाबादच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. घराबाहेर पडताना माणसं किल्ली चाचपतात, चष्मा चाचपतात. दाजी थैली चाचपतात. थैलीत एक पांढरी टोपी, एक कोरा टॉवेल आणि एक नारळ. कुणी बरं काम करताना दिसलं की यांचा हात थैलीत गेलाच म्हणून समजा. गावाची गेलेली लाईट परत आणली म्हणून लाईनमन खांबावरून उतरेपर्यंत खाली टॉवेल उलगडून उभे राहिले, ते एक वेळ ठीक. पण जालन्याला माझ्याकडे आले तेव्हा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सोडलं नाही. वर 'दोन शब्द' बोलले. ते दोन शब्द संपेपर्यंत नळ पुन्हा गळायला लागला. मी म्हटलं, "दाजी, कसला सत्कार हा? नळ बघा की!" तर म्हणतात, "कामाचा न्हाई हो मास्तरीणबाई, हिमतीचा. तुमच्या घरात पाय ठेवायला हिंमत लागती."

हर्नियाच्या ऑपरेशनला तर कहर केला. आत नेत असताना दारातच स्ट्रेचरवर उठून बसले आणि डॉक्टरांना टोपी घातली. डॉक्टर बिचारे म्हणाले, "काका, मी अजून काहीच केलेलं नाही." दाजी म्हणाले, "नंतर मी शुद्धीवर आलोच न्हाई तर मंग? आपलं काम बाकी नको." मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं आणि नारळ देणं म्हणजे नोकरीवरून काढून टाकणं, हे मी शाळेत पोरांना शिकवते. दाजींनाही शिकवून पाहिलं. "ते तुमच्या पुस्तकात," ते म्हणाले. "हसनाबादेत बराबर उलटं हाय." 

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं पुण्याला बोलावलं. तिथं एका मोकळ्या मैदानावर देशोदेशीच्या गाण्याबजावण्याचा महोत्सव होता आणि तिनं आम्हा तिघांचे पास काढून ठेवले होते. मी निरोप घेऊन हसनाबादला गेले, तर दाजींनी तिला फोनवर पहिला प्रश्न विचारला, "वाजवनारे किती जन येऊन राह्यले?" पोरगी म्हणाली, "खूप आहेत मोठेबाबा, पंचवीस-तीस तरी." दाजींचा चेहरा पडला. मग ते उठले आणि दुकानातले सगळे टॉवेल खोक्यात भरायला लागले. अक्कानं खोकं हिसकावून घेतलं. "एक. एकच न्यायचा. न्हाईतर मी येत न्हाई," असा दम भरला. त्यामुळे अख्ख्या जगातून एकच माणूस निवडायची पाळी दाजींवर आली, आणि ती जबाबदारी घेऊन ते पुण्यापर्यंत गंभीर बसून होते.

फाटकावर थैली उघडायला लावली. काळ्या कपड्यातला धिप्पाड गडी नारळ हातात घेऊन म्हणाला, "काका, हे आत चालणार नाही. कुणी फेकून मारलं तर?" दाजी थक्क झाले. "नारळ फेकतेत व्हय? नारळ देतेत, बाबा!" गडी ऐकेना. शेवटी नारळालाच नारळ मिळाला म्हणायचा. टोपी दाजींनी जल्दीनं स्वतःच्या डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, किमतीच्या चिठ्ठीसकट. पुढच्या पोरीनं आमच्या मनगटाला रंगीत कागदी पट्टे बांधले, तेव्हा मात्र खुलले. "बगा, ह्याला म्हनतेत रीत. आल्या आल्या पाव्हन्याचा सत्कार!" आणि तिला दोन शब्द सांगायला लागले. मागं रांग थांबली म्हणून मी त्यांना ओढून पुढं नेलं.

आत हिरवळीवर माणसंच माणसं. कुणी बसलेलं, कुणी लोळलेलं, कुणी एकटंच डोळे मिटून डुलतंय. आम्ही चादर अंथरली. दाजी मात्र मुलाखत घ्यायला बसल्यासारखे ताठ बसले. पहिल्यांदा केसांची शेंडी बांधलेला एक गोरा गिटार घेऊन आला. दाजी म्हणाले, "चांगला हाय, पन सारखा तारा पिळून राह्यला. घरून लावून यायचं ना." मग ढोलवाले आले आणि अक्कानं कानात पदर कोंबला. दाजींची मान हलली, हात टॉवेलाकडे गेला, पण ढोलवाले सात-आठ; एकाला देऊन बाकीच्यांची तोंडं कुठं बघायची? एक बाई फार सुरेख गायली. "हिला टोपी कशी घालावी?" म्हणत तेही राहिलं. मी म्हटलं, "दाजी, वधूपरीक्षा बरी यापेक्षा. तिथं निदान पोहे तरी मिळतात."

ऊन उतरायला लागलं तेव्हा वाळवंटाच्या कुठल्याशा देशातला एक म्हातारा आला. टकलू, वाळलेला, अंगात लांब झगा. हातात आपल्या सनईच्या चुलत भावंडासारखं वाद्य. त्यानं गाल फुगवले आणि सूर लावला तो सोडीचना. श्वास कधी घेत होता कोण जाणे. मी काहीतरी चेष्टा करणार म्हणून दाजींकडे वळले, तर त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली होती आणि तिची घडी नीट करत होते.

म्हाताऱ्याचं वाजवणं संपलं. टाळ्या पडल्या. लगेच चार पोरं येऊन वायरी गुंडाळायला लागली आणि म्हातारा एकटाच बाजूच्या पायऱ्या उतरू लागला. दाजी उभे राहिले. "असंच? असंच जाऊ देऊन राह्यले त्याला?" आणि लोकांच्या पायांतून निघालेच. मी सदरा धरला. "दाजी, हे पुणं आहे. हाकलून देतील. शोभा होईल!" तेवढ्यात अक्कानं माझा हात सोडवला. "जाऊ दे त्यांला," ती म्हणाली. "मामंजी सनई वाजवायचे. गावोगावच्या लग्नांत. नवरदेवाच्या मावसभावाच्या मेव्हण्यालाबी टॉवेल-टोपी मिळायची. वाजवनाऱ्याला न्हाई. त्यांची पंगतबी सगळ्यात शेवटी, मांडवाच्या बाहेर. हे ल्हान होते, संगं जायचे." माझ्या बहिणीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे मला ठाऊक नव्हतं.

मी त्यांच्या मागं धावले. मंचापुढच्या कठड्यापाशी राखणीला असलेल्या एका पोरीनं त्यांना अडवलं होतं. दाजींनी तिच्या डोक्यावरून हाक मारली, "ओ पाव्हनं! जरा थांबा!" मांडवात मारायची हाक ती, म्हातारा थांबला, वळला आणि कठड्याशी आला. दाजींनी टोपी त्याच्या डोक्यावर बसवली, टॉवेल खांद्यांवर पसरला, हात जोडले. दोन शब्द बोलायला तोंड उघडलं, पण शब्द आले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हाताऱ्याला काय ठाऊक सत्कार. घामानं निथळत होता बिचारा. त्यानं टॉवेल ओढला आणि खसाखसा तोंड पुसलं, मान पुसली, टोपी वर करून टक्कलसुद्धा पुसलं. आजूबाजूची पोरंपोरी हसली.  आपल्याकडे मानाचा टॉवेल कुणी वापरत नाही. घडी न मोडता घरी नेतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतात. म्हातारा दाजींचा हात दाबून, टॉवेल गळ्यात तसाच घेऊन मंचामागच्या तंबूत निघून गेला. दाजींना काय वाटलं असेल या भीतीनं मी म्हटलं, "जाऊ द्या दाजी, त्याला आपली रीत माहीत नाही."

दाजी तंबूकडेच बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"माझ्या बाच्या अंगावर टॉवेल पडले ते तिरडीवर," ते म्हणाले. "ढीग पडला. तवा कशाचा घाम पुसावा मानसानं? ह्यानं पुसला. बगितलं ना तुमी? चांगला पुसला."

"बघितलं, दाजी," मी म्हटलं. मला रडू आवरलं नाही.