धुऱ्यावरचं मीठ

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, मुलगी म्हणते, बाबा आता सोडा ते. पण नाही सुटत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या आरोपींवरचा राग फाईल बंद झाली तसा संपला. हा संपला नाही.

भंडारा जिल्ह्यातलं ते माझं शेवटचं ठाणं. करडीच्या बाजूचं एक गाव आमच्या हद्दीत होतं. धान गर्भावर आला होता, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात होती. पावसाने मात्र बरेच दिवस दडी मारलेली. अशात त्या गावचा एक शेतकरी तक्रार घेऊन आला. त्याच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, धान कोपऱ्यापासून जळत चालला होता. संशय चुलतभावावर. दोघांची शेतं लागून, आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुना वाद.

"त्यानंच औषध मारलं सायेब, तन मारायचं," तो म्हणाला. "धुऱ्यापायी माया पोटावर पाय देऊन राहिला तो."

त्याची तक्रार लिहून होत नाही तोच मला फोन आला. त्या शेताच्या वरच्या अंगाला एका ठेकेदाराचं फार्महाऊस होतं. माणूस वजनदार, सगळ्या कचेऱ्यांत ऊठबस. म्हणाला, "साहेब, आमच्या रखवालदाराने त्या चुलतभावाला फवारणीचा पंप घेऊन जाताना पाहिलं आहे. म्हणाल तेव्हा साक्षीला पाठवतो."

जुनं वैर, झालेलं नुकसान आणि वर आयता साक्षीदार. आमचा बीट जमादार खूश झाला. त्याने चुलतभावाला आणून बाकावर बसवलं आणि अटक दाखवायची तयारी सुरू केली. गावात तर निकाल लागूनही गेला होता. उभं पीक मारणाऱ्या माणसाला तिथे कुणी पाणी विचारत नाही. चार-दोन पोरं त्याच्या घरासमोर जाऊन शिवीगाळ करून आली होती. त्याची बायको ठाण्याच्या दारात नुसती उभी होती.

मी त्याला समोर घेतलं. खोटं बोलणारा माणूस सहसा भराभर बोलतो. हा एकेक शब्द सावकाश बोलत होता.

"धान काहून जाळला?" मी विचारलं.

"मी कायले जाळू सायेब? भांडन धुऱ्याचं हाय, धानाचं नाही. आन् मायाकडं पंपच नाही. आमी दोघं त्याचाच पंप वापरतो."

मी तक्रारदाराकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. पंप त्याच्याच घरी होता. म्हणजे फोनवरचा साक्षीदार कोणता पंप पाहून आला होता? न विचारता जो आरोपीचं नाव सांगतो, आधी त्याचं घर पाहावं, हे मी नव्या शिपायांना नेहमी सांगत असे. अटक थांबवली आणि पंच घेऊन शेतावर गेलो.

पंचनामा सुरू असताना माझं लक्ष तक्रारदाराच्या बैलांकडे गेलं. हिरवंगार गवत सोडून दोघं धुरा चाटत होते. हाकललं तरी परत येत होते. मी वाकून पाहिलं. मातीवर पांढरी बुरशी यावी तसा थर होता. बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ.

जमादारही चाखून थुंकला. "धानात मीठ कोन टाकते सायेब?"

ओलीचा माग काढत वर गेलो. फार्महाऊसच्या भिंतीखालून एक पाईप निघाला होता आणि त्याचं तोंड थेट त्या कोपऱ्यावर होतं. आत रखवालदाराने हात जोडले. शेडच्या कडेला जाड्या मिठाची पोती थप्पी लावून ठेवली होती.

"मीठ कशाला लागतं?"

"खारी मासोळी करतो सायेब."

खारवलेल्या मासोळीचा वास पार दूरच्या वरठीच्या रेल्वे स्टेशनापासून येतो, आणि इथे शेडच्या दाराशी नाक लावलं तरी वास नाही. उलट आतून आवाज येत होता. बारीक, तुटक, थांबून थांबून.

"ते काय?"

"कोंबडीचे पिल्लं."

दार उघडायला लावलं. आत निळ्या रंगाची सिमेंटची टाकी. तिच्यात मगरीची पिल्लं. हातभरही नव्हती. काही कडेला एकमेकांवर चढून बसली होती, काही पाण्यावर उलटी तरंगत होती. जिवंत होती ती तोंड उघडून ओरडत होती. रखवालदार तिथेच खाली बसला. पंप वगैरे काही पाहिला नाही, मालकाने सांगितलं तसं बोलायचं ठरलं होतं, हे त्याने मी न विचारताच कबूल केलं.

मी वन विभागाला कळवलं. रेंजर आले, त्यांच्यासोबत जनावरांचे डॉक्टर होते. डॉक्टरांनी पिल्लू हातात घेऊन सांगितलं, ही आपल्या वैनगंगेतली मगर नव्हे. ही खाऱ्या पाण्यातली, पूर्वेच्या समुद्राकडच्या खाड्यांतली. जगातली सर्वांत मोठी मगर हीच होते.

मी त्यांना त्या आवाजाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आईला बोलावतात." खाडीच्या काठी भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी मादी पाला आणि चिखलाचा ढीग रचते, त्यात अंडी घालते आणि पिल्लं निघेपर्यंत तिथून फारशी हलत नाही. अंड्यातून असाच आवाज आला की ढीग उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. माणसाचं हाड मोडणारा जबडा, पण पिल्लाला ओरखडा येत नाही. पिल्लं सुरुवातीला खाडीच्या वरच्या अंगाला, कमी खारट पाण्यात वाढतात. जिभेवरच्या ग्रंथींतून जास्तीचं मीठ बाहेर टाकायची सोय त्यांच्यात असते, पण लहानपणी ती पुरी पडत नाही. समुद्राच्या तोंडाशी जायचं ते मोठं झाल्यावर.

आणि इथे या शहाण्याने पोत्याने मीठ ओतलं होतं.

ठेकेदार गाडीतून उतरला तो हसतच. "साहेब, नेटवर वाचूनच पाणी खारट केलं. समुद्राची मगर आहे, तिला मीठ नको का? पाहुण्यांना दाखवायला मागवली, बस. शौक आहे."

"आणि मोठी झाल्यावर?"

"वैनगंगेत सोडून देऊ. नदी काय कुणाच्या बापाची आहे?"

त्या नदीत ढिवर कमरेएवढ्या पाण्यात जाळं टाकतात. बायका धुणं धुतात. माझा हात उठला होता. जमादाराने माझी बाही धरली, म्हणून मी आज पेन्शन घेतो आहे.

चौकशीत सगळं बाहेर आलं. खाडीकाठच्या माणसांनी ढिगावरच्या मादीला जाळ्यात गुंतवून काठ्यांनी ठार केलं, पिल्लं डब्यांत भरली आणि ट्रकने हायवेवरून लाखनीपर्यंत आणली. टाकीचं पाणी बदललं की जुनं पाणी पाईपातून शेतात जायचं. धान जळू लागला हे ठेकेदाराने भिंतीवरून रोज पाहिलं होतं. पाईप बंद करण्याऐवजी त्याने मला फोन केला आणि एक निरपराध माणूस माझ्या हातात दिला.

वन्यजीव कायद्याखाली त्याला अटक झाली. जामीनही झाला, आणि खटला कुठे अडला आहे हे मी विचारणं सोडलं. पुढे लाखनीला एका लग्नात भेटला, तर म्हणतो, "काय साहेब, चार पालींसाठी केवढं केलं." मी ताट ठेवून निघून आलो.

डॉक्टरांनी त्याच दिवशी पिल्लांना गोड्या पाण्यात ठेवलं होतं. बरीच गेली. जी तगली ती रीतसर परवानगी घेऊन त्यांच्या खाडीकडे रवाना झाली. आई मात्र तिथे नव्हती.

निवृत्तीच्या आधी एकदा त्या गावावरून जाताना मी गाडी थांबवली. दोघा भावांमधला तो वादाचा धुरा फोडलेला होता. चुलतभाऊ फावडं घेऊन आपल्या बांधीतलं पाणी तक्रारदाराच्या बांधीत सोडत होता आणि तक्रारदार खालच्या अंगाने ते बाहेर काढत होता. मीठ धुवून काढायला दुसरा उपाय नव्हता. मी चुलतभावाला म्हणालो, "याच्यामुळे तू ठाण्याच्या बाकावर बसलास, आणि आता यालाच पाणी देतोस?"

तो फावडं टेकून म्हणाला, "राग हाय ना सायेब. अजून बोलत नाही मी त्याच्यासंगं. पन धान कोनाचाबी असो, जळतानी पाहवत नाही."

कुणाला काय पाहवतं यावरून माणूस ओळखावा, हे मला त्या धुऱ्यावर कळलं. ठेकेदाराला सगळं पाहवलं. त्याने धान जळताना पाहिला, आईला हाका मारत पिल्लं मरताना पाहिली, आणि बाकावर बसलेल्या माणसाची बायको ठाण्याच्या दारात उभी आहे हेही त्याला ठाऊक होतं. त्यानंतर तो घरी जाऊन जेवला असेल.