आमचं गाव बिनविरोध

माझ्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला झोपेतून उठवून विचारा, तो सातबारा तोंडपाठ म्हणून दाखवील. हद्दीच्या मेरेवरचा फणस कोणाचा, आजोबांच्या वाटणीत विहिरीच्या पाण्याचे वार कोणाला कसे लागले, यावर तो मालवणच्या वकिलालाही चार गोष्टी शिकवून येईल. हातभर जमिनीसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी ही माणसं. पण या देशाचा नागरिक म्हणून तुझे हक्क कोणते, असं विचारलंत तर तो तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवील आणि म्हणेल, ता शाळेतला. शाळेतलं म्हणजे मी शिकवलेलं, आणि मी शिकवलेलं म्हणजे परीक्षेनंतर विसरायचं.

मी गावच्या शाळेत मास्तर होतो. इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं नागरिकशास्त्र माझ्याकडे असे. पोरं ते घोकत, पालक त्याला विषयच मानत नसत. सव्वीस जानेवारीला आम्ही मोठ्याने संविधानाची उद्देशिका म्हणत असू आणि सगळ्यांचं लक्ष लाडवाच्या टोपलीकडे असे. गावाला मी अडाणी म्हणत आलो. अजूनही म्हणतो. अडाणीपणाचा एवढा अभिमान असलेलं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही.

या गावाची मोठी मिजास अशी, की इथे ग्रामपंचायतीला मतदान होत नाही. निदान आजवर तरी झालेलं नाही. उमेदवार देवळात ठरतात. नावं देवासमोर ठेवायची, गुरव पाषाणाच्या अंगाला पाण्यात भिजवलेले फुलांचे कळे चिकटवतो, उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. याला कौल म्हणतात. माझं देवाशी काही भांडण नाही. पण त्याचं नाव मतदार यादीत नाही, हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. शिवाय मी लहानपणापासून बघत आलोय, मानकऱ्यांच्या मनात असेल तोच कळा आधी पडतो. हे ज्याला दिसत नाही त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.

गेल्या खेपेला आमच्या प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव निघाली. मुख्य मानकऱ्याच्या सुनेचं नाव ठरलं. मानकरी माझ्याच वयाचा, शाळेत माझ्या शेजारी बसायचा आणि माझ्या पाटीवरून गणितं उतरवायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात कळलं की खालच्या वाडीतल्या एका बाईने कोणाला न विचारता अर्ज भरलाय.

ती माझी विद्यार्थिनी. नवरा मुंबईत नोकरीला, ही इथे सासू सांभाळते, उन्हाळ्यात कोकमाची सोलं वाळवते. त्यांच्या वाडीत जायला ओहोळावर पोफळीच्या खोडांचा साकव होता. तो वाहून गेल्याला बरीच वर्षं झाली. पावसाळ्यात माणसं कमरेएवढ्या पाण्यातून येजा करतात. तिने पंचायतीत अर्जावर अर्ज दिले, प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळालं. तेव्हा तिने ठरवलं की आपणच आत जाऊन बसायचं. एवढी साधी गोष्ट, पण गावाला ती पाप वाटली.

तिने उभं राहावं का, म्हणून देवळात कौल लावला. डावा कळा पडला, अर्थात. बाईने अर्ज मागे घ्यावा असं देवाने सांगितलं, आणि जमलेल्या साठेक बाप्यांनी माना डोलावल्या. बायकांच्या जागेचा निर्णय होता, पण सभामंडपात एकही बाई नव्हती आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मी मागच्या खांबाला टेकून बसलो होतो. मनातल्या मनात एकेकाला मूर्ख म्हणत होतो. मोठ्याने काहीच म्हटलं नाही.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मानकरी माझ्या ओट्यावर आला. म्हणाला, तुमचा अक्षर बरा आसा, तेवढा कागद तुमीच लिवा. मी लिहिला. काळ्या शाईत, समास सोडून, एकही खाडाखोड न करता. 'मी स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय' हे शब्द त्याने सांगितले नव्हते. ते मला ठाऊक होते, म्हणून मीच घातले.

मी का लिहिला, तेही सांगून टाकतो. दर तीन वर्षांनी देवाची स्वारी वाडीवाडीतून निघते आणि तरंग, म्हणजे देवाच्या वस्त्रं नेसवलेल्या काठ्या, आमच्या अंगणात थांबतात. हा आमच्या घराचा जुना मान. तो गेला असता तर मुंबईच्या भावांनी मला फाडून खाल्लं असतं. गावाला अडाणी म्हणणाऱ्या माणसाचं सगळं शौर्य त्या अंगणाच्या सारवणावर अडून बसलं होतं.

कागद घेऊन आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. मानकऱ्याने बसल्या बसल्या सांगितलं की अर्ज राहिला तर पुढच्या वेळी स्वारी तुमच्या वाडीत येणार नाही. आतून सासू रडायला लागली. बाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने मला विचारलं.

"गुरुजी, देवान काय सांगल्यान ता मी आयकलंय. पण फॉर्म माझो आसा. तो मागे घेवक सांगूचो हक्क ह्येंका आसा काय?"

नाही. एका शब्दाचं उत्तर होतं. सहावीच्या वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिलेलं. मी म्हणालो, "गावाक सोडून खंय रवतलंस गो?" ती उठली. मग आत जाऊन साडी बदलून आली.

मानकऱ्याच्या गाडीतून आम्ही मालवणला गेलो. तीनपर्यंतची वेळ होती, दोनच्या सुमाराला तहसीलमध्ये पोचलो. तिथला अधिकारी तरुण, घाटावरचा. मला वाटलं होतं, कागद घेईल, शिक्का मारेल, मोकळा होईल. आमच्याकडच्या कचेऱ्यांबद्दल माझं मत तेवढंच आहे. पण त्याने कागद वाचला, खाली ठेवला, मानकऱ्याला आणि मला थोडं मागे व्हायला सांगितलं आणि सरळ तिच्याकडे बघून विचारलं,

"बाई, अर्ज तुम्ही स्वतःच्या मर्जीनं मागे घेताय ना? कोणी दबाव आणला असेल तर आत्ता सांगा. हा कागद तसाच घरी घेऊन गेलात तरी चालेल, नाव राहील."

कचेरीत पंखा फिरत होता आणि रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती. तिने पदर सारखा केला. तिचे ओठ हललेले मी पाहिले. काय म्हणणार होती ते मला माहीत नाही. आजही नाही. ती हो म्हणणार असती तर मला घाई करायचं कारण नव्हतं.

मी मागूनच म्हणालो, "होय साहेब, तिच्या मर्जीनंच."

अधिकाऱ्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. माझं पांढरं धोतर, चष्मा, खिशातलं पेन. गुरुजी दिसतायत, खोटं कशाला बोलतील, असंच त्याला वाटलं असणार. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली. माझ्याच वर्गात शिकलेली, प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ देणारी सही.

बाहेर आलो. मानकरी खुशीत होता, गावाची एकी टिकली म्हणाला आणि आम्हा दोघांना चहा पाजायला निघाला. ती आली नाही. यष्टीनं जाते म्हणाली. मी दोन पावलं तिच्या मागे गेलो, काहीतरी समजूत घालावी म्हणून. कायदा असतो पण गावही असतं, असलं काहीतरी माझ्या तोंडात तयार होतं.

ती थांबली. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"सायबान इचारल्यान ता माका, गुरुजी," ती म्हणाली. "तुमका नाय."