संमतीआधीची झोप

अंगठा उठवण्याआधी कान्हूबाबा झोपायचे. फ्लॅट विकायला काढलेला असला की भर दुपारी ते त्या घरात येत, बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीकडे सारायला लावत, खांद्यावरचा पंचा उशाला घेत आणि उघड्या लादीला कान लावून तासभर पडून राहत. उठले की कागद पुढे घेत, नाहीतर चपला घालून घरी जात. मग त्या घराची विक्री अडलीच म्हणून समजा.

त्यांना एवढा मान का, ते सांगतो. नव्वदीच्या सुमाराला आसनगावात आम्ही फ्लॅट घेतले, त्या इमारतीखाली पूर्वी त्यांचं भातखाचर होतं. बिल्डर विकत मागत होता, बाबा विकेनात. शेवटी बिनशेती करून जमीन नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिली. सातबाऱ्यावर नाव बाबांचंच राहिलं. पट्ट्यात एक कलम होतं: घेतलेला फ्लॅट पुढे विकायचा, तर जमीनमालकाची लेखी संमती हवी. आम्ही कुणी ते वाचलंच नव्हतं. स्वयंपाकघरात ओटा कुठे आणि गॅलरी केवढी, एवढं बघून सह्या ठोकल्या. पट्टा संपला की पुढे काय, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर मी तो दस्त पहिल्यांदा वाचला आणि कपाळाला हात लावला.

"छप्पर तुमचा, भुई माजी," बाबा म्हणायचे. "दोगांनी मिलून रायचं. त्यात रागवन्यासारखं काय हाय?"

मी एकदा चेष्टा केली. म्हटलं, "बाबा, तुमची भुई राहिली खाली. ही तिसऱ्या मजल्यावरची लादी, ती काय सांगणार?"

"झाडाच्या बुडाचं पानी शेंड्याला जातं का नाय? कोन नेतं रं वर?" असं म्हणून ते आडवे झाले.

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं सगळं. पण पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकायला निघाला तेव्हा बाबा अर्ध्या तासातच उठून बसले. म्हणाले, "हितं दोन बिऱ्हाडांचे पाय लागतात. मी अंगठा नाय देत." घेणारा माणूस माझ्याशी तावातावानं भांडून गेला. पंधरा दिवसांत दुसरा एक गृहस्थ त्याच फ्लॅटचा करारनामा घेऊन माझ्या दारात उभा! मालकानं एकच घर दोघांना विकलं होतं. आणखी एका घरात बाबा म्हणाले, "म्हातारी रडते." पुढे निघालं ते असं, की बापाच्या पश्चात मुलानं फ्लॅट विकायला काढला होता आणि आईचा हिस्सा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वकिलाचा शोध अहवाल दोन्ही वेळा स्वच्छ होता. तेव्हापासून बाबा झोपले की आख्खी इमारत आवाज बारीक करायची. बायका मिक्सरसुद्धा लावत नसत.

"भर दुपारची भुई बोलते," बाबा सांगायचे. "सकाली ती कामात, सांच्याला दमलेली. तुमच्यावानीच."

मग माझी पाळी आली. मुलीच्या शाळेसाठी कल्याणला जायचं ठरलं आणि मी घर विकायला काढलं. मुरबाडचे एक शिक्षक घेणार होते. अडचण एकच होती. घरावर नावं दोन होती, माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं. सदूदादा. डोळखांबकडच्या आमच्या गावी लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासून डावा पाय घासत चालायचा. लग्न केलं नाही. हे घर घेताना त्यानं स्वतःजवळचं सगळं माझ्या हातावर ठेवलं होतं. वर्षभरात आमचं भांडण झालं. कशावरून, ते सांगायची आता लाज वाटते. उंबऱ्यात उभा राहून मी त्याला म्हणालो, "घर माझं आहे, नीघ." तो निघाला. चपला घालायलाही थांबला नाही. नऊ वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

वकिलानं सरळ मार्ग सांगितला होता. सात वर्षांवर माणसाचा ठावठिकाणा नसेल, तर कोर्टात दावा लावा, शोध घेतल्याचं दाखवा, काय ते कोर्ट ठरवील. पण त्याला वेळ लागणार. एक एजंट म्हणाला, "कशाला? भाऊ गावी वारला असं प्रतिज्ञापत्र करा, दाखल्याचं मी बघतो." आणि मी केलं. बायकोलाही सांगितलं नाही. सख्ख्या भावाला मी कागदावर मारला आणि त्या रात्री दोन घास जास्तच जेवलो.

कान्हूबाबा आले. पंचा उशाला घेतला, कान लादीला लावला. मी खुर्चीत बसून राहिलो. मग डोळे न उघडता ते म्हणाले, "दार उगड."

"उघडंच आहे, बाबा."

"मग तो आत का येत नाय?"

"कोण?"

"उंबऱ्यात उभा हाय तो. एक पाय घासतोय. अनवानी हाय."

बाबांनी सदूदादाला कधी पाहिलं नव्हतं. त्याचा विषय मी या इमारतीत कुणापाशी काढलेला नव्हता.

"तुजा भाऊस ना रं?" बाबा उठून बसले.

मी कसंबसं विचारलं, "जिवंत आहे की...?"

"ते मना काय ठावं? उभा हाय येवरंच कलतं. मेला असं तू लिवलंस." त्यांनी पंचा झटकला. "त्याला घरात घे. मंग कागद आन."

ते गेले. मला इतका संताप आला होता की म्हाताऱ्याला कोर्टात खेचीन, असं मी त्या दिवशी बायकोला दहादा ऐकवलं. संमती विनाकारण अडवता येत नाही, असं वकील म्हणालाच होता. पण नोटीस धाडायची वेळच आली नाही. भातकापणी उरकली आणि बाबा घरच्या ओटीवर दुपारचे झोपले, ते उठले नाहीत. कान जमिनीलाच होता, असं सून सांगत होती.

बाराव्यानंतर वारसांची नावं सातबाऱ्यावर चढली. दोन्ही मुलगे भले. चहाच्या टपरीवर गाठ पडली तर म्हणाले, "आना कागद, कुटं करू सही?" दोन मिनिटांत दोघांच्या सह्या झाल्या. शिक्षक दुसऱ्या दिवशी शहापूरला रजिस्ट्रेशनला येणार होते. दुपारी मी घरी आलो. बायको आणि मुलगी सामान लावायला कल्याणला गेल्या होत्या. खोली रिकामीच होती. काय वाटलं कोण जाणे, रुमालाची घडी उशाला घेऊन मी लादीवर पडलो आणि कान लावला.

आधी पाण्याच्या पंपाची घरघर आली. मग ती थांबली. मग खालून, जिन्याच्या पहिल्या पायरीपासून, एक पाऊल आणि मागोमाग एक फरफट. एक पाऊल, एक फरफट. घाई नव्हती. मी मजले मोजत होतो. तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दाराबाहेर, तो आवाज थांबला. कुणी बेल वाजवली नाही, कुणी हाक मारली नाही. नऊ वर्षांत तो कितीदा असा येऊन उभा राहिला असेल आणि मी आत जेवत बसलो असेन, या विचारानं मला रडू फुटलं.

मी उठलो. पिशवीतल्या कागदांतलं प्रतिज्ञापत्र काढून फाडलं. शिक्षकांना फोन करून सांगितलं, माझ्या भावाला विचारल्याशिवाय घर विकता येत नाही. मग दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं, उंबऱ्यावर ऊन पडलं होतं. तरी मी वाट सोडून बाजूला सरलो आणि म्हणालो, "दादा, आत ये. घर तुझंही आहे."